भट्टी, बेट आणि आबकारी

ऊर्ध्वपातन हा शब्द उच्चारताच शिक्षकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक आकृती उभी राहते. डावीकडे गोल बुडाचा चंबू, त्याखाली दिवा, मध्ये तिरपी ठेवलेली दुहेरी भिंतींची काचनळी, तिच्यातून खालून वर खेळणारे थंड पाणी आणि उजवीकडे थेंब थेंब गोळा करणारे चंचुपात्र. या नळीला आपण लीबिगचे संघनक म्हणतो. खरे तर लीबिगच्या जन्मापूर्वीच, १७७१ साली, वायगेल या जर्मन रसायनज्ञाने तिचे वर्णन केले होते. लीबिगने ती लोकप्रिय केली आणि नाव त्याचे राहिले. असो. सांगायचे ते हे की, ही आकृती पाहून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, ऊर्ध्वपातन ही काचेच्या प्रयोगशाळेत जन्मलेली आणि युरोपातून आपल्याकडे आलेली क्रिया आहे. प्रत्यक्षात काच या गोष्टीत फार उशिरा आली. मूळ गोष्ट मातीच्या मडक्यांची, तांब्याच्या हंड्यांची आणि बांबूच्या नळ्यांची आहे. तिच्यात जितके रसायनशास्त्र आहे, तितकाच सरकारी महसूलही आहे.

हे आम्हांला नव्याने जाणवले ते गोव्यात. सिद्धेश्वर परिसरातील काही शिक्षकमित्रांसह आम्ही एप्रिलअखेरीस गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागते. पूर्णेच्या काठच्या माणसाला नदीच्या मधोमध वसलेली गावे पाहण्याचे अप्रूप वाटणारच. या बेटावरील नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडच्या डिचोली भागात नेण्यात आला आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. इतिहासासाठी गेलेले आम्ही वळलो मात्र एका वेगळ्याच वासामागे. टेकडीच्या उतारावर काजूची झाडे होती आणि झावळ्यांच्या एका मांडवाखाली भट्टी चालू होती. दोन-तीन पर्यटक छायाचित्रे घेत होते. भट्टीवाले गृहस्थ कोणाला लपवत नव्हते की कोणाला बोलावत नव्हते. विचारले त्याचे उत्तर देत होते.

काजूचे फळ, म्हणजे आपण ज्याला बोंडू म्हणतो ते, झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलेच वेचतात. बी पिळून वेगळी काढायची आणि बोंडू तुडवायचे. पूर्वी खडकात कोरलेल्या उथळ टाकीत, म्हणजे कोळंबीत, ते पायांनी तुडवत. आता अनेक ठिकाणी दाबयंत्र आले आहे. उरलेल्या चोथ्यावर दगडाचे वजन ठेवले की जो शेवटचा, स्वच्छ, गोड रस पाझरतो तो नीरो. तो तसाच ताजा पितात. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबू देतात. त्यात बाहेरून यीस्ट घालावे लागत नाही, कारण ते फळाच्या सालीवर असतेच. किण्वन संपले की रसात साधारण पाच-सहा टक्के मद्यार्क तयार झालेला असतो. मग तो भाणात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, ओतून खाली लाकडे पेटवतात. भाणाच्या तोंडातून निघालेली नळी शेजारच्या एका गोल पोटाच्या भांड्यात जाते. हे भांडे म्हणजे लवणी. लवणीवर थंड पाणी सतत ओतत राहतात. पहिल्या उताऱ्याला उर्राक म्हणतात. त्यात मद्यार्क सुमारे पंधरा टक्के असतो. उर्राकात आणखी आंबलेला रस मिसळून पुन्हा भाण चढवले की फेणी मिळते. तिची तीव्रता चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जाते.

आता येथे जरा थांबू, कारण या आकड्यांत वर्गात सांगण्यासारखे बरेच आहे. पुस्तकात आपण शिकवतो की, मद्यार्काचा उत्कलनबिंदू ७८.४ अंश आणि पाण्याचा १०० अंश, म्हणून ७८ अंशांना मद्यार्क ‘आधी’ निघून येतो आणि पाणी मागे राहते. हे वाक्य चुकीचे आहे. मिश्रण हे मिश्रण म्हणून उकळते. वजनाने पाच टक्के मद्यार्क असलेला द्रव सुमारे ९५ अंशांना उकळू लागतो आणि त्याच्या पहिल्या वाफेत जवळजवळ पस्तीस टक्के मद्यार्क असतो; बाकी सारी पाण्याचीच वाफ. जसजसे उकळणे चालू राहते, तसतसा भाणातला मद्यार्क कमी होत जातो आणि येणारी वाफही पातळ होत जाते. म्हणून सगळा उतारा एकत्र केल्यावर उर्राक पंधरा टक्क्यांवर येऊन थांबते. अधिक तीव्र हवे असेल तर पुन्हा ऊर्ध्वपातन करणे भाग. आपल्या मराठीत ‘बेवडा’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ दुहेरी, दोनदा गाळलेली दारू असा आहे. म्हणजे एका रासायनिक क्रियेचे नाव माणसाला चिकटले. कितीही वेळा गाळले तरी वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही, कारण त्या प्रमाणाला द्रव आणि वाफ यांतील मिश्रण एकसारखेच होते.

तीव्रता मोजायची कशी? भट्टीवाल्यांनी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार धरली. पृष्ठभागावर बारीक मण्यांची माळ उठली आणि क्षणभर टिकली. हा फेण, आणि त्यावरूनच फेणी. तीव्रता कमी वा जास्त असली की बुडबुडे चटकन फुटतात. एका ठरावीक पट्ट्यातच ते तग धरतात. जुन्या इंग्लंडमध्ये हीच परीक्षा बंदुकीच्या दारूवर करीत. मद्याने भिजवलेली दारू पेटली तर मद्य ‘खरे’. आपल्या भाषेला या दोन वस्तूंचे नाते कसे समजले कोण जाणे, पण आपण दोघींनाही दारूच म्हणतो. फारसीत मात्र दारू म्हणजे औषध.

भट्टीतील सर्वांत महत्त्वाचे भांडे भाण नव्हे, लवणी आहे. वाफ करणे सोपे. स्वयंपाकघरात ती रोजच होते. अवघड आहे ती वाफ पकडणे. एक किलो पाण्याची वाफ द्रवरूप होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता सोडते. ही उष्णता वाहून नेणारे पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापू दिले, तरी त्या एका किलोसाठी साडेतेरा लिटर पाणी लागते. म्हणूनच भट्टी नेहमी ओढ्याच्या, विहिरीच्या किंवा तळ्याच्या काठी असते. पोलीस असोत की पुरातत्त्वज्ञ, भट्टी शोधायची तर पाण्याच्या कडेने शोधावी.

पुरातत्त्वज्ञांना ती खरोखरच सापडली, असे काहींचे मत आहे. तक्षशिलेजवळच्या सिरकप येथे सर जॉन मार्शल यांच्या उत्खननात मातीची काही चमत्कारिक भांडी मिळाली. गोल पोट, एकच तोंड आणि ते तोंडही बाजूला वळलेले. मार्शल यांनी त्यांची जुळणी करून हे पाणी शुद्ध करण्याचे ऊर्ध्वपातनयंत्र असावे असे सुचविले. पुढे १९६०च्या दशकात पेशावरजवळच्या चारसद्दा परिसरातील शेखान ढेरी येथे अशी भांडी मोठ्या संख्येने निघाली. त्यांचा काळ इसवी सनाच्या मागचे-पुढचे एक-दोन शतक. केंब्रिजचे रेमंड ऑल्चिन यांनी १९७९ साली एका लेखात असा विचार मांडला की ही दारू गाळण्याची भांडी आहेत आणि मद्याच्या ऊर्ध्वपातनाचे मूळ घर कदाचित भारतच असेल. चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांनी या रचनेला ‘गांधार’ पद्धतीचे नाव दिले. तिची खूण एकच. वाफ नळीत थंड होत नाही, तर जमा करणारे भांडेच पाण्याने थंड ठेवलेले असते. म्हणजेच लवणी. सिरकपच्या भांड्यांची रेखाटने ज्याने पाहिली आहेत, त्याला दिवाडीच्या मांडवाखाली उभे राहून तक्षशिला आठवल्याशिवाय राहणार नाही.

पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचा एक संपूर्ण अध्याय आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे मद्याचे प्रकार आणि त्यांचे घटक तेथे मापासह दिले आहेत, परंतु ते सारे आंबवून केलेले आहेत. गाळण्याचा उल्लेख नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांत मद्याची इतकी बारीक वर्णने असताना भट्टीच तेवढी सुटावी, हे ऑल्चिन यांच्या मताला अडचणीचे आहे. मद्याच्या भारतीय इतिहासावरील २०२१ सालच्या आपल्या ग्रंथात जेम्स मॅकह्यू यांनीही या बाबतीत सावध भूमिका घेतली आहे. आमचे मत विचाराल तर, गांधारच्या कुंभारांना ऊर्ध्वपातन येत होते हे मानायला हरकत नाही. ते दारूच गाळत होते की सुगंधी जल, हे मडक्यावरून सांगता येत नाही. नि:संशय उल्लेख हवा तर चौदाव्या शतकापर्यंत यावे लागते. अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत मद्यबंदी केली, तेव्हा लोक घरोघरी साखरेपासून दारू गाळू लागले, असे इतिहासकार बरनी लिहितो. बंदी आणि घरची भट्टी यांची जोडी इतकी जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-इ-अकबरीत तर उसाची दारू गाळण्याच्या तीन पद्धतींचे वर्णनच आहे.

काजू या कथेत बराच उशिरा आला. तो ब्राझीलचा. तेथील तुपी भाषेतील ‘अकाजू’वरून पोर्तुगीजांनी ‘काजू’ केले आणि सोळाव्या शतकात ते झाड पश्चिम किनाऱ्यावर आणले. गोव्यात राहून गार्सिया द ओर्ता या वैद्याने भारतीय वनस्पतींवर लिहिलेला प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली छापला गेला. त्यात काजू नाही. १५७८ साली क्रिस्तोव्हाँ दा कोस्टा याने मात्र कोचीनच्या बागांत तो पाहिल्याचे नोंदवले आहे. म्हणजे फळ परके. पण ते ज्या भट्टीवर चढले ती आधीपासूनच येथे होती, माडाच्या सुरेपासून दारू गाळणाऱ्यांची. माडाची फेणी काजूच्या फेणीपेक्षा जुनी आहे. जाता जाता मराठवाड्यातील वाचकांसाठी एक गोष्ट. काजूच्या शास्त्रीय नावातील ‘अ‍ॅनाकार्डियम’ हा शब्द मुळात आपल्या बिब्ब्याचा. युरोपातील वैद्य बिब्ब्याला त्या नावाने ओळखत. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, दोघांचेही तेल अंगावर उततेच.

भट्टीवाल्यांनी आम्ही कोठून आलो ते विचारले आणि मग सहज म्हणाले, ‘‘तुमच्याकडे मोहाची करतात ना? ती कशी गाळतात?’’ आमच्यात रसायनशास्त्राचे तीन पदवीधर होते. मोहाच्या झाडाचे लॅटिन नाव सांगणारे होते, फुले वेचलेले होते, भाकरीबरोबर मोहफुले खाल्लेले होते. भट्टी कोणीच पाहिली नव्हती. पाहण्याची सोयच नाही. आमच्याकडे ‘हातभट्टी’ हा शब्द वर्तमानपत्रातच भेटतो आणि त्याच्या पुढे ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘धाड’ असे शब्द असतात. एकाच यंत्राला येथे पर्यटक फोटो काढतात आणि तेथे त्याच्यावर गुन्हा नोंदतात. या फरकाचे कारण रसायनशास्त्रात सापडत नाही. ते आबकारीच्या इतिहासात आहे.

आबकारी हाही फारसी शब्द, ‘आब’ म्हणजे पाणी, यावरून झालेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात गावोगावी भट्ट्या होत्या. सरकार दारूचा मक्ता देई आणि मक्तेदार गावातील भट्ट्यांकडून वसुली करी. हजारो चुलींवर देखरेख ठेवणे कोणत्याही सरकारला अशक्यच. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने हे चित्र पालटले. चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी या बदलामागे होता. गावच्या भट्ट्या बंद करायच्या, सारी दारू मोजक्या मोठ्या आसवन्यांत गाळायची, तेथेच तिची तीव्रता मोजायची आणि तीव्रतेच्या हिशोबाने कर घ्यायचा. द्रवघनतामापक, म्हणजे आपण प्रयोगशाळेत वापरतो ते बुडके काचयंत्र, येथे महसूलखात्याचे हत्यार झाले.

यासाठी जी जागा पुढे आली तेही एक बेटच होते. मुंबई बंदराच्या पूर्वेला, घारापुरीच्या दक्षिणेस, उरण हे तेव्हा खाड्यांनी वेढलेले बेट होते. तेथे पारशी व्यावसायिकांच्या मोहाच्या आसवन्या आधीपासूनच होत्या आणि मुंबई शहर त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. बेट असल्यामुळे ये-जा मोजक्या धक्क्यांवरूनच. म्हणजे करवसुलीच्या दृष्टीने आदर्श. उरणच्या आसवन्यांना लागणारी मोहफुले पंचमहालसारख्या दूरच्या मुलखातून येत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वारली, ठाकूर, कातकरी यांच्या दारात मोहाची झाडे उभी होती; पण त्या फुलांची दारू त्यांनी करायची नाही, लांबून आणलेल्या फुलांची, कर भरलेली उरणची दारू दुकानातून विकत घ्यायची, असा हा हिशोब होता.

अर्थात लोक गुपचूप गाळत राहिले. मग सरकारने फुलांवरच हात घातला. १८९२ साली मोहफुलांसंबंधी एक स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यात फुले गोळा करणे व बाळगणे यांवर निर्बंध आले. ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मोहाचे फूल हे केवळ दारूचा कच्चा माल नव्हे. चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारे हे मांसल फूल वाळवले की त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ते भाजून, शिजवून, पिठात मिसळून खातात, गुरांना घालतात. शेतात काही नसताना जंगलाने दिलेले ते अन्न आहे. दारूवरचा कर वाचवण्यासाठी केलेला कायदा अन्नावर आला. या दृष्टीने पाहिले तर १८९२ चा कायदा मिठाच्या कायद्याच्या जातीचा आहे, आणि तो तितका प्रसिद्ध नाही याचे कारण त्याने ज्यांचे नुकसान झाले ती माणसे लिहिणारी नव्हती.

आमचा भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, कायदा मात्र हैदराबादचा. तेथेही आबकारी हा खजिन्याचा मोठा आधार होता. मोहाची दारू, जिला दफ्तरी भाषेत ‘गुलमोहवा’ म्हणत, आणि शिंदी हे त्याचे दोन खांब. शिंदीच्या प्रत्येक झाडावर सरकारचा डोळा असे. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. परभणी-नांदेडकडच्या वृद्धांकडून त्याच्या आठवणी ऐकायला मिळत. नव्या पिढीला वाटते की ही दारूबंदीची चळवळ होती. दारूबंदीचा विचार त्यात होताच, पण कुऱ्हाड मुख्यत: निजामाच्या उत्पन्नावर होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे दारूबंदी सैल झाली, कायदा कायम राहिला. आज त्याच कायद्याखाली साखर कारखान्याच्या आसवनीला परवाना मिळतो आणि त्याच कायद्याखाली हातभट्टी फोडली जाते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्याने वसमतकडे ऊस आला, उसाबरोबर साखर कारखाना आला, साखरेबरोबर मळी आली. मळीचे ऊर्ध्वपातन ज्या उंच मनोऱ्यांत होते, त्यांचा पूर्वज १८३० साली ईनियस कॉफी या आयरिश गृहस्थाने काढला. त्यात द्रव वरून खाली आणि वाफ खालून वर सतत जात राहते. प्रत्येक मजल्यावर एकेक लहानसे ऊर्ध्वपातन होते. दिवाडीला दोनदा भाण चढवून जे साधते ते येथे एकाच फेरीत कितीतरी पटींनी साधते. मौज म्हणजे हा कॉफी मूळचा आबकारी अधिकारी. बेकायदा भट्ट्या पकडण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली होती.

गोव्यात मात्र गावातली भट्टी टिकली. तेथे काजूच्या मुलखाचे विभाग पाडून त्यांचा लिलाव करण्याची पद्धत रूढ आहे. कर विभागावर बसला, भट्टी जागच्या जागी राहिली. आमच्या मते हा एक प्रशासकीय फरकच निर्णायक ठरला. भट्टी राहिली म्हणून कारागीर राहिला, कारागीर राहिला म्हणून चव आणि नावे राहिली, आणि म्हणूनच २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळू शकला. २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. तोपर्यंत तीही कागदोपत्री ‘देशी दारू’च होती.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही हातभट्टीचे गोडवे गात आहोत. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेला पत्र लिहून दारूची दुकाने वाढवण्यास विरोध केला होता आणि तो योग्यच होता. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून असलेली दारूबंदी स्थानिक चळवळीतून आली आहे. ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेथे काय सोसले गेले होते हे त्या बायकांनाच विचारावे. इथेनॉल हे परवान्याच्या बाटलीतले असो की मडक्यातले, यकृताला फरक कळत नाही. ज्या वर्गात बापाच्या दारूमुळे शाळा सुटण्याच्या बेतात असलेली मुले बसतात, तेथे शिक्षकाने भट्टीचे कौतुक कोणत्या सुरात करायचे, हा प्रश्न खरा आहे. पण न बोलण्याने तो सुटत नाही.

न बोलण्यामुळे एक गैरसमज मात्र पक्का झाला आहे. विषारी दारूच्या घटनांनंतर असे छापून येते की, घरगुती भट्टीत चुकीने मिथेनॉल तयार झाले. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली, ती भट्टीतील चुकीमुळे नव्हे, तर कारखान्यांसाठीचे मिथेनॉल दारू म्हणून विकले गेल्यामुळे. आंबवण्यात मिथेनॉल होते ते फळांतील पेक्टिनपासून आणि तेही अल्प प्रमाणात. गूळ आंबवला तर जवळजवळ नाहीच. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून पहिली धार फेकली की विष गेले, हाही भाबडा समज आहे. पाण्याच्या संगतीत ते इथेनॉलच्या बरोबरीने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत येत राहते. मिथेनॉल मिसळलेली दारू वासाने, चवीने किंवा ज्योतीच्या रंगाने ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते आधी डोळ्यांची नस जाळते. दृष्टी धूसर झाली की तास मोजायचे नाहीत, माणसाला थेट रुग्णालयात न्यायचे. एवढी माहिती नववी-दहावीच्या मुलांना असणे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. ती द्यायची तर ऊर्ध्वपातनाचा धडा मोकळेपणाने शिकवावा लागेल.

मोहफुलांची गोष्ट अजून चालू आहे. महाराष्ट्रात फुले वेचणे, साठवणे आणि नेणे यांवरची बंधने २०२१ साली उठवण्यात आली. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या पारंपरिक दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण आखले. किनवट-माहूरच्या जंगलात मार्च-एप्रिलच्या पहाटे बायका टोपल्या घेऊन मोहाखाली असतात, आणि फुलांचे मोल ठरवतो तो बहुधा व्यापारीच.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. त्यात मद्याचा संबंध नाही. एका पातेल्यात अर्धा लिटर पाणी आणि दोन मुठी ओवा घ्यावा. मध्ये वीट ठेवून तिच्यावर रिकामी वाटी ठेवावी. पातेल्यावर झाकण उलटे ठेवावे, म्हणजे त्याचा फुगीर भाग वाटीच्या वर येईल, आणि झाकणाच्या खोलगट भागात थंड पाणी भरावे. मंद आचेवर वीस मिनिटांत वाटीत ओव्याचा अर्क जमू लागतो. ही ‘मंगोल’ पद्धत. जमा करणारे भांडे आत, थंड पाणी डोक्यावर. मध्य भारतात मोहासाठी हिचा वापर होतो, तसाच नळी लावून बाहेरच्या मडक्यात वाफ नेण्याचाही. झाकणावरचे पाणी कोमट झाले की बदलावे आणि दर वेळी किती मिलिलिटर बदलले, त्याचे तापमान आधी किती व नंतर किती, हे मुलांना लिहून ठेवायला सांगावे. शेवटी वाटीतला अर्क मोजावा. पाण्याने घेतलेली उष्णता आणि अर्काच्या वजनावरून काढलेली सुप्त उष्णता यांची तुलना केली, तर दोन्ही आकडे क्वचितच जुळतील. काही उष्णता झाकणाच्या कडेने निसटते, काही पाण्याच्या पृष्ठभागावरून जाते. किती आणि कोठून, यावर मुलांना भांडू द्यावे.